हिरवी पडलेली भुजली

कुरखेड्याच्या स्टँडवरून वडशाची एसटी सुटली, तेव्हा माझी मैत्रीण गाडीच्या टपावर होती. माझी लोखंडी पेटी वर चढवायला कोणी पुढे येईना, म्हणून तीच मागच्या शिडीने चढली आणि पेटी दोरीने बांधत बसली. इकडे कंडक्टरने घंटा मारली, ड्रायव्हरने गाडी काढली. खाली माझे बाबा धावत होते, "अरे थांबवा, पोट्टी हाय वर." वरून तिचं हसणं ऐकू येत होतं. गाडी थांबली ती थेट पुढच्या फाट्यावर. ती खाली उतरून माझ्या खिडकीशी आली. केस सगळे उडालेले, डोळ्यांत धूळ.

"गाठ पक्की मारली हाय. पुण्यापर्यंत नाई सुटत," ती म्हणाली. "तू पुढं जा, मी मागून येतो."

आणि आल्या रस्त्याने पायी परत निघाली.

आमचं ठरलंच होतं तसं. बारावी दोघींनी एकत्र पास केली होती. मला पुण्यात बी.एस्सी. करायचं होतं, तिला नर्सिंग. त्या वर्षी तिच्या बाबांचं अंग धरलं होतं, ते अंथरुणावर होते, घरात रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, हात नव्हते, म्हणून ती वर्षभर थांबणार होती. तोवर मी पुणं बघून ठेवायचं, तिच्या राहण्याची सोय लावायची आणि तिला बोलवायचं. पेटीपेक्षा हा निरोप मला जड वाटत नव्हता. उलट गाडीत बसल्यापासून मी मनात एकच चित्र बघत होते, आम्ही दोघी पुण्याच्या रस्त्याने चाललोय.

निघताना बाबा म्हणाले होते, "तिथं आपल्या बोलीनं बोलजो नोको, लोकं हासतीन." आई एवढंच म्हणाली होती, "भुजलीले इसरू नोको."

भुजली म्हणजे काय, हे गावातल्या वाचकांना सांगायला नको. पण आपल्या शाळेची ही स्मरणिका आता बाहेरची मंडळीही वाचतील, आपल्यातलीच पुण्या-मुंबईत वाढलेली मुलं वाचतील, म्हणून सांगते. राखीच्या नऊ-दहा दिवस आधी आमच्याकडे मुली बांबूच्या टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि ती टोपली घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. उजेड लागू द्यायचा नाही. अंधारातला गहू पिवळाधमक वाढतो. तीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी बोडीवर, म्हणजे गावाच्या तळ्यावर, टोपल्या न्यायच्या, माती पाण्यात सोडायची आणि धुतलेली रोपं एकमेकींच्या कानामागे खोचायची. ज्या दोघी ठरवून असं करतात त्या जन्मभर एकमेकींच्या भुजली होतात. एकीच्या घरचं लग्न, बाळंतपण, मरण हे दुसरीच्याही घरचं. आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच.

ती नाल्यापलीकडच्या गोंड टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, मी गावातल्या कुणब्याच्या घरची. सहावीत असताना आम्ही भुजली बदलली. आई म्हणाली होती, "आता तिचं नाव तोंडातून काढजो नोको. काढलं त तुटते."

म्हणून या लेखात तिचं नाव तुम्हाला सापडणार नाही. त्या दिवसापासून आजवर मी ते एकदाच घेतलं आहे. तेच सांगायला बसले आहे. गेली सव्वीस वर्षं हे मनात ठेवलं. शाळेच्या ग्रुपवरही मी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देते आणि अंगठ्याचं चित्र टाकते. सगळ्यांना वाटतं मी अबोल आहे. अबोल वगैरे काही नाही. तोंड उघडलं तर हेच बाहेर येईल, या भीतीने गप्प होते. आज मात्र हात थांबत नाही असं झालंय.

पुण्याला वसतिगृहात आम्ही एका खोलीत चौघी. पहिल्याच आठवड्यात मी "आंघोळीले जातो" म्हणाले आणि तिघी पलंगावर लोळून हसल्या. आपल्याकडे बायाही 'जातो, येतो'च म्हणतात, हे त्यांना कुठलं ठाऊक. "मुलगा शिरलाय खोलीत," म्हणाल्या. मग वाघ दारात येतो का, तुम्ही पानं गुंडाळता का, जंगलात शाळा कशी असते. तशा वाईट नव्हत्या त्या. आजारी पडले तेव्हा त्यांनीच मला पेज करून घातली. पण मी घाबरले. संक्रांतीपर्यंत माझं 'मले-तुले' गेलं. उन्हाळ्यापर्यंत आमची दोन एकरांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, मी बोलण्यात चांगली बागायती करून टाकली होती.

तरीही तिच्या येण्याची मी वाट बघत होते, हेही तितकंच खरं. वॉर्डनबाईंच्या मागे लागून लागून मी कागद मिळवला. 'गावाहून येणाऱ्या मैत्रिणीस प्रवेशाच्या कामासाठी एक महिना खोलीत राहण्यास परवानगी.' खाली सही, शिक्का. तो कागद उशीखाली ठेवून मी चार दिवस झोपले.

ती आली रविवारी दुपारी. आम्ही चौघी न्हाऊन खिडकीशी केस वाळवत होतो. खालून हाक आली.

"ए भुजलीऽऽ, कोठी हायेस वो?"

असा आवाज आपण दोन बांध्या पलीकडच्या माणसाला देतो. तीन मजल्यांच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. खाली अंगणात ती. मी घरी टाकून आलेला माझाच हिरवा ड्रेस घातलेला, डोक्यावर पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली, खांद्याला पिशवी. मान वर करून एकेक खिडकी बघत, हसत उभी. मी दिसले तशी ती जिन्याकडे निघाली.

"कोण गं ती?" एकजण म्हणाली. "भुजली काय? नवीन भाजी का काही?"

बाकीच्या हसल्या. आणि मी तिचं नाव घेतलं. नाव घेऊन म्हणाले, "आमच्या गावची आहे. आमच्या शेतात रोवणीला येते."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती यायची आमच्या रोवणीला. मीही जायची त्यांच्या. पहिलं वाक्य मी बोलले आणि दुसरं गिळलं.

मागे वळले तर ती दारात उभी. जिना चढून कधी आली कळलंच नाही. टोपली अजून डोक्यावरच होती.

तिने टोपली उतरवली, पळसाचं पान काढलं, मोहाचे लाडू सगळ्यांना एकेक दिले. मुलींनी आवडीने खाल्ले. संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने विचारलं, "माह्या राहाचं काई जमलं का वो?"

मागे 'भुजली' नव्हतं. पण विचारलं तिने. एवढं ऐकूनही थांबायची तयारी होती तिची. पिशवीतून डोकावणारी प्लॅस्टिकमधली गुणपत्रिका मला दिसत होती. प्रवेशाच्या फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात होती. आणि कागद माझ्या उशीखाली होता, त्याच उशीला मी टेकून बसले होते.

"नाही गं," मी म्हणाले. "वॉर्डनबाई नाही म्हणाल्या. नियम आहे."

तिला मी कधी 'गं' म्हटलं नव्हतं.

का केलं असं? हा प्रश्न मी स्वतःला भाजी चिरताना, बसची वाट बघताना, कामावर हजेरीच्या सहीसाठी रांगेत उभी असताना विचारला आहे. उत्तर लाज वाटावी इतकं लहान आहे. ती महिनाभर राहिली असती तर रोज 'मले-तुले' बोलली असती, आणि मी कोण आहे ते सगळ्यांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर ती म्हणाली, "गावात कोनी इचारलं त सांगीन, पुण्याचं पाणी नाई मानवलं. तू काई बोलजो नोको." म्हणजे जाताजाता मला वाचवायची सोयही तिनेच करून दिली.

मी निदान गप्प तरी बसायचं. तेही केलं नाही. दिवाळीत घरी गेले, अंगणात दहा माणसं जमली, कोणीतरी विचारलं, "काऊन वो, तुही भुजली एका दिवसात काऊन पळून आली?" आणि मी रंगवून सांगितलं. तिला रस्ताच ओलांडता येईना, सिग्नलपाशी उभी राहून रडायला लागली, लाल दिवा बघून घाबरली. एवढा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. होळीपर्यंत तिचं नाव 'पुणेवाली' पडलं. ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली की पोरं ओरडायची, "पुणेवाली, थांब, सिग्नल लाल हाय."

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण तेव्हा ओरडले असतील. त्यांना मी काय बोलू? तो सिग्नल मी दिला होता. ती सिग्नलवर रडली नाही. स्टेशनला जाताना सगळे रस्ते तिने माझा हात धरून मला ओलांडून दिले, कारण रडत मी होते.

मग वर्षं गेली. मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, साताऱ्याकडच्या माणसाशी लग्न केलं, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला. तिने टोलीवरच संसार केला. पुढे ती आशा वर्कर झाली. नर्सिंग राहिलं, पण नाल्याला पूर असला तरी लशीचा डबा डोक्यावर घेऊन पलीकडे जाणारी बाई म्हणून तालुक्यात तिला ओळखतात. गावी गेले की दिसायची. "कवा आली?" "परवा." "बरं हाय ना?" "हो." एवढंच. ती मला कशानेच हाक मारत नसे. मला वाटायचं, तुटलं. मीच तोडलं.

आई गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचले. आईला शेवटची आंघोळ तिने घातली होती, लुगडं तिने नेसवलं होतं. मी दारात बसले होते तर ताट घेऊन आली. "दोन घास खाऊन घे," म्हणाली. मी खाली मान घालून खाल्लं. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मैत्रीसाठी लोक जीव देतात, असं मी खूप ऐकलं, वाचलं. माझ्याकडे जीव कोणी मागितलाच नव्हता. मला उशीखालचा एक कागद काढून द्यायचा होता.

या वर्षी मृग लागला आणि एका दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला.

"हॅलो, तुमी माह्या आईची भुजली होय का?"

मी खुर्चीत बसले. समोर ओल्या कागदात गव्हाचे शंभर दाणे मांडलेले होते, मोजलेले विसरून गेले.

"कोण बोलतंय?"

"मी रोशनी. टोलीवरची. नंबर तुमच्या भावानं देल्ला. आईले तुमचं नाव इचारलं त सांगतच नाई. म्हणते भुजलीचं नाव घेत नाई. मी म्हणलं मंग फोनमधी सेव कायच्या नावानं करू? त म्हणते भुजली म्हणूनच कर."

पुढचं ती भराभर बोलत होती. पुण्यात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, आई म्हणाली होती, भुजलीले इचार. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. सव्वीस वर्षं ती मला 'भुजली' म्हणून हाक मारत नव्हती, ते मी तुटल्याची खूण समजत होते. पण नावही तिने कधी घेतलं नव्हतं. ती तर तिची बाजू पाळत होती.

"तुमाले मी काय म्हणू?" पोरीने विचारलं. "आई म्हणते मोठीमाय म्हण."

"ये," मी म्हणाले. "माझ्याकडेच राहायचं. पण थांब, मी येतो न्यायला. भुजलीले येतो म्हणून सांग."

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. 'येतो' म्हणाले होते मी.

त्या दिवसापासून माझं काही खरं नव्हतं. राखीला बरोबर नऊ दिवस असताना मी टोपली आणली. पुण्यात तशी टोपली शोधायला मंडईचे तीन फेरे घातले. गहू पेरला, हळदीचं पाणी शिंपडलं, ओट्याखालच्या कपाटात सिलिंडरच्या शेजारी झाकून ठेवली. बी उगवायला घालणं हा माझा धंदाच आहे. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठव्या दिवशी किती उगवले, किती वाकडे, किती मेले ते लिहायचं. हजारो वेळा केलंय. पण या टोपलीपुढे मी सहावीतली झाले. कामावरून आले की चपला न काढता आधी कपाट. सकाळी दुधाच्या आधी कपाट. कोंब वर आला का, केवढा झाला, वाकला तर नाही. नवरा म्हणाला, "अगं, त्याला उगवू तरी दे."

त्याला तोवर मी काही सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात सांगितलं. जुन्या सर्टिफिकिटांच्या फाइलमधून तो कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "हे माझ्यापुढे ठेवून काय उपयोग?"

बरोबर होतं. ते तिलाच सांगायचं होतं, आणि पोरीला घेऊन निघायच्या आधी सांगायचं होतं. ऐकून ती म्हणाली असती, अशा बाईच्या घरी मी पोर ठेवत नाही, तर तिचं चुकलं नसतं. न सांगता पोरगी आणली असती, तर मात्र रोज सकाळी तिच्या तोंडाकडे बघताना मी पुन्हा त्या उशीला टेकून बसले असते.

आगगाडीत टोपली मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाई म्हणाल्या, "गव्हांकुराचा रस घेता का? शुगरला चांगला." मी म्हणाले, "नाही हो, मैत्रिणीला द्यायचंय." त्या म्हणाल्या, "तिला शुगर आहे का?" मला इतकं हसू आलं की वर्ध्यापर्यंत मी त्या परक्या बाईला सगळी भुजली समजावून सांगितली. दर स्टेशनला फडकं उचलून टोपलीत बघत होते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोलीवर गेले. ती पडवीत रजिस्टर भरत बसली होती. चष्मा लागलाय आता. उठली नाही, बाज दाखवली. "बस. जोहार."

"आधी ऐक," मी म्हणाले. बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. खिडकीतलं तर तिने ऐकलंच होतं. सिग्नलची गोष्टही तिला ठाऊक होती, माझ्या भावानेच तिला तेव्हा हसत हसत सांगितली होती. मी कागद काढून तिच्या हातात दिला. "वॉर्डनबाई हो म्हणाल्या होत्या. तू विचारलंस तेव्हा हा माझ्या उशीखाली होता. मी खोटं बोलले."

तिने चष्मा पुसला. सावकाश वाचला. मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचला.

"एक महिना," ती म्हणाली.

तिने रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

"मी ना," ती म्हणाली, "सव्वीस वर्षं समजत होतो, का मीच डरलो. तुह्या एका बोलण्यानं पळून आलो. वॉर्डनबाईच्या पाया पडाले पायजे होतं, बाहीर झोपाले पायजे होतं, पर थांबाले पायजे होतं. मले वाटे, माह्यातच दम नव्हता. काल पोट्टीले तेच सांगतलं. म्हणलं, माह्यासारखी पळून येजो नोको."

हे मी कधी धरलंच नव्हतं. माझ्या हिशेबी मी तिची जागा घालवली होती. खरं तर मी तिचा स्वतःवरचा भरवसा घालवला होता, तोही सव्वीस वर्षं, आणि ती लशीचा डबा डोक्यावर घेऊन पुरातून जाताना स्वतःला भित्री समजत होती.

ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "मले बाळंतणीकडं जाचं हाय," म्हणाली आणि गेली. कागद बरोबर नेला.

रोशनी आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "मोठीमाय," ती हळूच म्हणाली, "बॅग भरू का राहू देऊ?"

"तुझी आई सांगेल ते," मी म्हणाले.

दुपारी बोडीवर गेले. बाया, मुली, टोपल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या पोट्ट्या. ती नव्हती. पाण्याशी बसून मी टोपलीवरचं फडकं काढलं, आणि शेजारच्या म्हातारीने कपाळाला हात लावला.

"आता वो बाई. हिरवी?"

खरंच हिरवी. नऊ दिवस बघून बघून मी तिला एवढा उजेड दाखवला होता, की पिवळं नावाला उरलं नव्हतं. बी उगवण्याचा पगार घेणारी मी, आणि सहावीतल्या पोरीला जमतं ते मला जमलं नव्हतं. सगळ्या बाया गोळा झाल्या. "अशी हिरवी भुजली कोनी आनते का?" "पुण्याची हाय ना ते. तिथं लाइट जातच नाई." मीही हसत होते आणि डोळे पुसत होते. तेवढ्यात तळ्याच्या पलीकडच्या पाळीवरून, बांधावरून, हाक आली.

"ए भुजलीऽऽ"

दोन बांध्या पलीकडे जावी तशी. पाण्यावरून आली. सगळ्या माना वळल्या. ती पाळीवरून झपझप चालत येत होती, पिशवी अजून खांद्यालाच. येऊन टोपलीत वाकून बघितलं.

"कितींदा उघडून पाह्यली?"

"रोज वीस वेळा."

"तरीच. धीर नाई तुले." ती उकिडवी बसली, माझ्याबरोबर माती सोडली, रोपं धुतली. हिरवा झुपका माझ्या कानामागे खोचला. जरा जोरातच खोचला.

"पुन्हा बांधायची का आपण?" मी विचारलं.

"पुन्हा कायची? हे का दरसाल बदलवाचं लायसन हाय? मी कवा तोडलं? तुहं नाव घेतलं का मी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "राग हाय मले. तो राह्यन काई दिवस. सांगून ठेवतो."

"राहू दे," मी म्हणाले. "मी आहे."

"अना पोट्टी येते तुह्यासंगं. पर कागद लिवून दे. महिन्याचा नाई चालत, पुऱ्या शिक्षणाचा पायजे. अना उशीखाली नाई ठेवाचा, मले द्याचा."

तिथेच बोडीच्या पाळीवर, तिच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर मी लिहिलं. 'माझ्या भुजलीच्या मुलीस शिक्षण पुरं होईपर्यंत माझ्या घरी राहण्यास परवानगी.' सही केली. ती म्हणाली, शिक्का. मी ओल्या मातीत अंगठा बुडवून उठवला. तिने ते पान फाडलं आणि दोन्ही कागद, जुना आणि नवा, एकात एक घडी घालून पिशवीत ठेवले.

"गावाले सिग्नलचं तूच सांग," उठताना म्हणाली. म्हणून हा लेख.

आम्ही निघालो तेव्हा रोशनीची बॅग तिनेच गाडीत ठेवली. आता पेट्या टपावर जात नाहीत. "आई, उतर आता, गाडी सुटून राह्यली," पोरगी म्हणत होती. ती मुद्दाम सावकाश उतरली.

रोशनीला आता दोन महिने झाले इथे. सकाळी दारातून ओरडते, "जातो वो मोठीमाय," आणि मी आतून म्हणते, "जाजो, सांभाळून." माझं 'मले' परत आलंय. प्रयोगशाळेतही निसटतं, मी उचलून आत ठेवत नाही. जिन्यात शेजारणी विचारतात, ही कोण? मी म्हणते, माझ्या भुजलीची मुलगी. त्या विचारतात, भुजली म्हणजे? मग मी दोन मिनिटं थांबून सांगते, भाजीची पिशवी हातात असली तरी.

बरीच वर्षं कोणी घर कुठलं विचारलं, की मी सोसायटीचं नाव सांगायचे आणि मनात कुरखेडा म्हणायचे, आणि दोन्ही ठिकाणी चोरासारखी वावरायचे. तुम्ही गावात राहिलात, तुम्हाला वाटत असेल, गेले ते सुखात आहेत. आणि माझ्याबरोबर निघून आलात त्यांना वाटत असेल, घर मागे राहिलं. मला आता एवढंच कळतं, की जिथे मला ती मोठ्याने हाक मारू शकते आणि मी खिडकीतून मोठ्याने ओ देऊ शकते, ते माझं घर. बोडीवर ते झालं. इथे व्हायचं आहे.

ती येतेय. धान कापून, बांधून, मळणी उरकली की दिवाळीनंतर. फोनवर विचारत होती, तुह्या बिल्डिंगचा नंबर काय, वर कसं याचं. इथे लिफ्ट आहे, गेटवर इंटरकॉम आहे, वॉचमन नाव विचारून वर फोन लावतो. मी तिला सांगितलं, नाव सांगू नको, बटण दाबू नको. खाली उभी राहा आणि हाक मार. दुपारच्या वेळी मार, सगळे घरी असतात. वॉचमनलाही सांगून ठेवलंय, डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई येईल आणि मान वर करून ओरडेल. तिला अडवायचं नाही.